माणदेशी वाफा

ज्या मुलुखात पाऊस हा चार दिवसांचा पाहुणा असतो, त्या मुलुखात वाढलेल्या माणसाच्या हाताला एक खोड जडते, ती म्हणजे मोकळी माती दिसली की तिच्याभोवती बांध घालायचा. माझे बालपण सातारा जिल्ह्यातील माण तालुक्यात गेले. तेथे वाफा म्हणजे चहूबाजूंनी वरंबे उचलून पाण्याला कोंडण्याची जागा, आणि ज्याच्या वाफ्यातून पाणी बाहेर पळते तो माणूस आळशी, असा तेथील रोकडा न्याय. पुढे तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत (नाव तारापूरचे असले तरी कामगार उतरतो बोईसरला, आणि म्हणतोही बोईसरच) हिशेबनिसी करण्यात उमेद गेली. निवृत्तीनंतर पालघरहून माहीमकडे जाणाऱ्या रस्त्याच्या आतल्या अंगाला, खाडीपासून फारशी दूर नसलेली, मागे पाच गुंठे मोकळी जागा असलेली एक घरवाडी घेतली. खरेदीखताचा सोपस्कार उरकताच जी पहिली वस्तू विकत आणली ती कुदळ. भाजीपाला लावण्याचे मला काहीएक ज्ञान नव्हते. परंतु शेतकऱ्याच्या पोटी जन्मल्यामुळे ते उपजतच असणार, असा एक अत्यंत घातक समज मात्र होता.

ते वर्ष 2014 चे. त्या वर्षीचा जून जवळजवळ कोरडा गेला, आकाशाकडे पाहून माझ्यातील माणदेशी जागा झाला, आणि पाच गुंठ्यांत मी असे चिरेबंद सपाट वाफे घातले की पाण्याचा एक थेंबही माझ्या परवानगीवाचून हद्दीबाहेर जाऊ नये. त्यांत वांगी, मिरची आणि टोमॅटोची दोनशे-अडीचशे रोपे लावली. जुलै सरता सरता पाऊस धरला तो सुटेचना. माणमध्ये वर्षाकाठी 500 मिलिमीटर पाऊस झाला तर सुकाळ म्हणतात; येथे एकट्या जुलैत त्याहून अधिक पडतो, हे मी इतकी वर्षे बोईसरच्या फलाटावर छत्री धरून पाहिले होते, पण ते पाणी माझ्या वाफ्याशी जोडून पाहण्याची बुद्धी झाली नव्हती. 1 ऑगस्ट रोजी ठाण्यापासून वेगळा होऊन पालघर जिल्हा अस्तित्वात आला. गावात पेढे वाटले जात असता माझी रोपे माना टाकून जलसमाधी घेत होती. पाने लुळी पडलेली पाहून, त्यांना तहान लागली असावी या तर्काने, उघडीप मिळताच मी त्यांना आणखी एकेक तांब्या पाणी घातले, हेही कबूल केलेले बरे.

शेजारच्या वाडीतले वृद्ध वाडवळ गृहस्थ, ज्यांना सारी आळी दादा म्हणते, कुंपणाशी उभे राहून हे पाहत होते. ते म्हणाले, “साहेब, तुम्ही पाणी धरायला वाफा केलात. इथं वाफा करतात तो पाणी घालवायला.” एवढे बोलून ते आपल्या पानवेलीकडे निघून गेले. मुळांनाही श्वास लागतो. मातीच्या कणांमधील पोकळीत हवा असते, ती जागा पाण्याने व्यापली की मूळ गुदमरते आणि गुदमरलेल्या मुळावर बुरशी बसते. मूळ कुजलेले झाड पाण्यात उभे असूनही पाणी शोषू शकत नाही, म्हणून ते तहानलेल्यासारखे दिसते. हा सारा तपशील मी मागाहून पुस्तकांतून मिळविला. दादांनी तो दोन वाक्यांत सांगून टाकला होता.

म्हणून या किनारपट्टीत जो कोणी नवा हौशी माणूस कुदळ हाती घेईल, त्याने बियाण्याच्या दुकानी जाण्यापूर्वी जमिनीत हातभर खोल एक खड्डा खणावा, तो पाण्याने भरून जिरू द्यावा, पुन्हा भरावा, आणि दुसऱ्या वेळचे पाणी तासाला किती उतरते ते काठीवर खूण करून पाहावे. तासाला इंचाहून कमी उतरले तर सपाट वाफ्याचा विचार सोडून गादीवाफा करावा: रुंदी तीन फुटांची, म्हणजे दोन्ही बाजूंनी हात मधोमध पोहोचतो आणि वाफ्यावर पाय देऊन माती दाबावी लागत नाही; उंची पावसाळ्यात फूटभर; आणि दोन वाफ्यांमधील चरी उताराकडे नेऊन कुंपणाबाहेर काढलेल्या. ही शेवटची गोष्ट मी दुसऱ्या वर्षी विसरलो. चरी उत्तम खणल्या, त्यांना तोंड ठेवले नाही, आणि पाच गुंठ्यांत लहानसे व्हेनिस वसविले. चरीचे पाणी शेजाऱ्याच्या वाडीत जाणार असेल तर त्याला आधी विचारावे, हे सांगण्याची आवश्यकता नसावी. पण मला ती होती.

गादीवाफे उंचावण्यासाठी माती हवी, म्हणून एका ठेकेदाराकडून ट्रकभर ‘लाल माती’ घेतली. वरचा वीतभर थर खरोखर लाल होता. खाली विटांचे तुकडे, सिमेंटचे गोळे आणि प्लास्टिक. कारखाने आणि नवी बांधकामे ज्या परिसरात आहेत, तेथे भरावाची माती कोठून उचलली याची खातरजमा स्वतः जाऊन केल्यावाचून पैसे देऊ नयेत, आणि वसाहतीजवळच्या नाल्याचे पाणी तर भाजीला कदापि घालू नये. मातीविषयी संशय असेल तर कोसबाडच्या कृषी विज्ञान केंद्रात चौकशी करावी, लाजू नये.

खताचेही तसेच. ताजे शेण म्हणजे जोमदार खत अशा भ्रमात गोठ्यातून थेट पाट्या आणून ओतल्या. त्याबरोबर हुमणी आली आणि तिने मुळे कुरतडली. पुरते कुजलेले शेणखत हाताला गार लागते, त्याला वास येतो तो मातीचा, आणि गुंठ्याला 200 किलोच्या आसपास ते पुरे होते. पुढे भेंडीच्या शिरा पिवळ्या पडल्या तेव्हा नत्राची उणीव समजून मी युरिया टाकला. तो होता केवडा, म्हणजे पांढऱ्या माशीने पसरविलेला विषाणू, ज्यावर औषध नाही. लागलेले झाड उपटून दूर नेणे एवढाच बंदोबस्त. मी तर युरियाने त्याला कोवळी पाने पुरवून माशीचीच बडदास्त ठेवली. परभणी क्रांती, अर्का अनामिका ही भेंडीची वाणे या रोगाला तोंड देण्यासाठीच काढली गेली, हे मी पाकिटावरचे चित्र पाहून बी घेत होतो तोवर मला ठाऊक नव्हते.

परंतु खरी शिक्षा मिळाली ती उन्हाळ्यात, आणि तीही पाण्याकडूनच. पावसाळ्यात ज्या पाण्याला घालवायचे, त्याला एप्रिलमध्ये जपायचे असते, हा व्यवहार मी उलटा केला होता. कूपनलिकेवर पंप होता, वीज होती, म्हणून सकाळ-संध्याकाळ तास तास पाणी सोडीत असे. एप्रिलच्या मध्याला फरसबीच्या पानांच्या कडा करपू लागल्या, वाफ्यावर पांढुरकी पापडी धरली, आणि एके दिवशी चहा खारट झाला. किनाऱ्यालगत जमिनीखालचे गोडे पाणी समुद्राच्या जड खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. त्याची पातळी समुद्रसपाटीच्या वर जेवढी, त्याच्या सुमारे 40 पट खोलवर ते पोहोचते. याचा उलटा हिशेब असा की उपसा करून वरची पातळी एक हात उतरविली, की खालचे खारे पाणी कालांतराने 40 हात वर सरकू पाहते. आयुष्यभर जमाखर्च लिहिणाऱ्या मला इतक्या जबर व्याजाचे कर्ज दुसरीकडे कोठे आढळले नाही.

त्यानंतर मी नेम केला तो असा. पाणी थोडे, झाडाच्या बुडाशी, आणि संध्याकाळचे. वाफ्यावर भाताच्या पेंढ्याचे आच्छादन. मार्चनंतर फरसबीसारखी खाऱ्याला भिणारी भाजी नाही, त्याऐवजी ते काहीसे सोसणारा पालक आणि बीट. पाण्याची क्षारता मोजून घ्यावी, 0.7 डेसिसायमन प्रति मीटरच्या आत असेल तर चिंता नाही, 3 च्या वर गेली तर त्या हंगामापुरता पंप बंद करून पावसाची वाट पाहावी. जो पाऊस जुलैत रोपे बुडवितो, तोच मातीत साचलेले मीठ धुऊन नेतो, त्यामुळे त्याला शिव्या देण्याचा माझा उत्साह पुष्कळ कमी झाला आहे.

कोणत्या महिन्यात काय लावावे, हे मी पुण्याकडे छापलेल्या दिनदर्शिकेत शोधीत असे. आता कुंपणापलीकडे पाहतो. पावसाळ्यात दादांच्या मांडवावर शिराळी, कारली, पडवळ चढतात, म्हणजे फळ आणि पान दोन्ही चिखलापासून वर राहतात. भात कापला की आसपासच्या शेतांत जमिनीच्या ओलीवरच वाल पेरला जातो; थंडीच्या तोंडावर वाणगावच्या बाजूला मिरचीची लागवड होते. मिरची आणि टोमॅटोचा येथील खरा मुहूर्त तो, जून नव्हे. आणि तोही पहिल्या वर्षी एका गुंठ्यापुरताच, कारण पाच गुंठ्यांतल्या चुका मोजताना माझी वही संपली होती.

पाच गुंठ्यांत आता गादीवाफे आहेत, चरींना तोंडे आहेत, शेजाऱ्याची संमती आहे. फक्त मागच्या सखल कोपऱ्यातला तो पहिला माणदेशी वाफा मी मोडलेला नाही. त्यात घोटाभर पाणी साचते आणि अळू कमरेइतके वाढते. ऋषिपंचमीच्या आदल्या दिवशी दादांची सून पाने मागायला येते. दादा कुंपणाशी उभे राहून वाफ्याकडे पाहतात आणि काही बोलत नाहीत.