‘बनियन’ : एका शब्दाची मुशाफिरी

इंग्रजीत वडाच्या झाडास ‘बॅनियन’ म्हणतात. आपण सदऱ्याच्या आत घालतो तो ‘बनियन’. झाड आणि वस्त्र यांचा परस्परांशी काय संबंध, असा प्रश्न विद्यार्थ्यांना पडणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर सुरतेच्या बाजारपेठेत सापडते.

संस्कृतातील ‘वणिज्’ या शब्दापासून मराठीत ‘वाणी’ व गुजरातीत ‘वाणियो’ हे शब्द आले. त्या गुजराती शब्दाचे ‘बनियन’ हे रूप प्रथम पोर्तुगीजांनी रूढ केले. पुढे १६१३ साली जहांगीर बादशहाच्या फर्मानाने इंग्रजांना सुरतेत वखारीची परवानगी मिळाली. मालाची खरेदी आणि कर्ज यांसाठी त्यांना तेथील व्यापाऱ्यांवर अवलंबून राहावे लागे. विरजी व्होरा हा सुरतेचा धनाढ्य व्यापारी तर कंपनीलाही कर्ज देत असे. साहजिकच हा शब्द इंग्रजांच्या नित्य वापरात आला. पुष्कळदा ते सर्वच हिंदूंना उद्देशून तो सरसकट वापरीत.

इराणच्या आखातावरील गोंब्रून बंदरात, म्हणजे आजच्या बंदर अब्बास येथे, भारतीय व्यापाऱ्यांची वस्ती होती. तेथील एका वडाखाली त्यांचे देवालय होते. युरोपीय प्रवासी त्या झाडाला ‘बनियनांचे झाड’ म्हणू लागले आणि कालांतराने तेच नाव वडाच्या संपूर्ण जातीस लाभले.

१६८९ साली सुरतेच्या प्रवासास निघालेल्या जॉन ओव्हिंग्टन या धर्मोपदेशकाच्या प्रवासवर्णनात आणखी एक अर्थ आढळतो. या भागातील युरोपीय खलाशांना आठवड्यातून एकदोनदा मांसाऐवजी डाळतांदळाची खिचडी मिळे. वाणी समाज शाकाहारी असल्याने त्या दिवसांना खलाशी वैतागाने ‘बनियन-दिन’ म्हणत! पुढे इंग्रजी आरमारात मांसविरहित भोजनाच्या दिवसास हेच नाव पडले. आज मात्र त्याच आरमारात ‘बनियन’ म्हणजे समुद्रकिनाऱ्यावरील सहभोजन होय.

वस्त्राची कथाही अशीच आहे. भारतीय व्यापाऱ्यांच्या सैल पोशाखावरून युरोपात घरी घालावयाच्या ऐसपैस झग्यास ‘बनियन’ म्हणू लागले. भारतात हे नाव पुढे आतल्या वस्त्रास मिळाले व मराठीतही रुळले. आपल्याच मुलखातून गेलेला शब्द वेषांतर करून घरी परतला, तो ओळखूसुद्धा आला नाही.

परक्याने दिलेल्या नावात वस्तूच्या गुणापेक्षा त्याने ती कोठे व कोणापाशी पाहिली, याचीच नोंद अधिक असते. पारंब्या, सावली किंवा वटपौर्णिमा यांपैकी कशाचाही मागमूस ‘बॅनियन’ या नावात नाही. म्हणून शिक्षकांनी ‘बॅनियन म्हणजे वड’ एवढे घोकवून न थांबता शब्दामागचा हा इतिहासही सांगावा. घरातल्या दोरीवर वाळणारा बनियनदेखील मग इतिहासाचा धडा देऊ लागेल.