जुलाब थांबले, तरी दूध पचेना

पावसाळ्यात नातवाला जुलाब लागले. ओआरएस आणि झिंकवर ते आटोक्यात आले. पुढे मात्र वाटीभर दूध पाजलं की तासा-दोन तासांत पोटात गुरगुर, पोट टम्म, मग पातळ, फेसाळ, आंबूस वासाची शी आणि ढुंगण लालबुंद. आमच्या दुधनी गावात सल्ल्यांना तोटा नाही: "दात येताहेत", "शेळीचं दूध द्या", "आईचं दूध बाधतंय, तोडा". सूनबाई तर अंगावर पाजणं सोडायलाच निघाली होती. मी म्हटलं, आधी सोलापूरला बालरोगतज्ज्ञांना दाखवू.

डॉक्टरांनी उलगडून सांगितलं. दुधातली साखर म्हणजे लॅक्टोज. ती फोडणारं लॅक्टेज हे विकर लहान आतड्याच्या अस्तरावर असतं. जुलाबात अस्तर सोलवटतं, लॅक्टेज कमी पडतं. न पचलेली साखर मोठ्या आतड्यात जाते, पाणी ओढते. तिथले जंतू तिच्यापासून वायू आणि आम्ल करतात. अस्तर भरून आलं की बहुधा काही आठवड्यांत दूध पुन्हा पचतं. जन्मजात दोष फार दुर्मीळ.

म्हणून आयांनो, आधी वहीत नोंद ठेवा: काय खाल्लं, किती वेळाने त्रास झाला. डॉक्टरांच्या सल्ल्याने वरचं दूध थोडे दिवस कमी करा, आईचं दूध चालू ठेवा. शेळीच्या दुधातही हीच साखर असते, तेव्हा तो उपाय नव्हे. दह्यात ती कमी असते, त्यामुळे थोडं ताजं दही बहुतेकांना सोसतं. पेढा, खवा आणि दूध पावडर घातलेली बिस्किटं यांतही ती असते, हे मात्र विसरू नका.

दूध कमी झालं म्हणून पोर उपाशी ठेवू नका. तुरीच्या बाजाराच्या आमच्या गावात वरण घरोघरी असतं. त्यात भात किंवा भाकरी कुस्करा. कॅल्शियमसाठी नाचणीची पेज, तिळाचं बारीक कूट द्या. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं.

अंगावर गांधी, धाप, वारंवार उलट्या किंवा शौचात रक्त दिसलं तर दुधातल्या प्रथिनांची ॲलर्जी असू शकते. तिथे दहीही चालत नाही. डोळे खोल गेले, लघवी कमी झाली, मूल मलूल पडलं, पाणी पिईना, तर रात्र काढू नका, लगेच दवाखाना गाठा.

बरं वाटल्यावर दूध जेवणासोबत दोन-चार चमच्यांनी सुरू करा आणि सोसेल तसं वाढवा. आमचा नातू आता पेलाभर पितो.