जुन्या इस्त्रीवर सर्किट बोर्ड

प्रश्न : बोर्डावर सपाट बसणारे बारीक भाग घरच्या जुन्या इस्त्रीवर सोल्डर होतील का?

उत्तर : होतात, पण सगळे भाग एकाच बाजूला हवेत. हौशी मंडळी इस्त्री उलटी करून पक्की बसवतात, पॅडवर सोल्डर पेस्ट लावून चिमट्याने भाग ठेवतात आणि बोर्ड हळूहळू तापवतात.

कथील-शिशाची ६३/३७ पेस्ट १८३ अंश सेल्सिअसला वितळते, कथील-बिस्मथची १३८ ला. नेहमीच्या शिसेविरहित पेस्टला मात्र २१७ च्या पुढे जावे लागते. तिथे इस्त्रीची दमछाक होते.

पेस्ट चकाकली की पृष्ठताण किंचित तिरका भागही जागेवर ओढतो. मग इस्त्री बंद करून, बोर्ड न हलवता निवू द्यावा. प्लास्टिकचे कनेक्टर नंतर हाताने जोडावेत.

धूर मुख्यतः फ्लक्सचा. त्यातल्या राळेमुळे दमा बळावतो. खिडकी उघडी ठेवावी, शेवटी हात साबणाने धुवावेत. ती इस्त्री पुन्हा कपड्यांना लावू नये.