जठरातील जंतू आणि घरातील माणसे

पोटातील व्रण हा तिखट खाण्याचा किंवा अतिकाळजीचा परिणाम होय, असा समज केवळ सामान्य जनांतच नव्हे, तर वैद्यकशास्त्रातही दीर्घकाळ रूढ होता. ऑस्ट्रेलियातील पर्थ येथील डॉ. रॉबिन वॉरन व डॉ. बॅरी मार्शल यांनी १९८२ साली जठरातील एक पिळदार जंतू प्रयोगशाळेत वाढवून दाखविला आणि या समजाला तडा गेला. 'हेलिकोबॅक्टर पायलोरी' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या जंतूच्या शोधाबद्दल उभयतांना २००५ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

जठरातील तीव्र आम्लात बहुतेक जंतू नाश पावतात. हा मात्र युरियापासून अमोनिया निर्माण करून स्वतःभोवतीचे आम्ल सौम्य करतो आणि वर्षानुवर्षे तेथे ठाण मांडून बसतो. त्याची लागण बहुधा बालपणी व बहुतांशी घरातच होते. माता व मूल यांच्या जठरांतील जंतू अनेकदा एकाच वाणाचे आढळतात.

लहान मूल आजारी पडले की घरातील साऱ्यांचे हात त्याच्याकडे वळतात. ते साहजिकच आहे; परंतु जंतूंचा प्रवास याच हातांवरून होतो. उत्तर कॅलिफोर्नियातील कुटुंबांच्या एका पाहणीचे निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाले. घरातील बाधित व्यक्तीला उलट्या-जुलाब झाल्यास इतरांना नवी लागण होण्याचा धोका सुमारे पाचपट वाढतो व त्यात उलटीचा वाटा अधिक असतो, असे त्यात दिसून आले. शौचानंतर साबणाने हात धुण्याविषयी पुष्कळ सांगितले जाते. उलटी पुसल्यानंतर मात्र पदराला हात पुसून चुलीकडे वळणे कोणाला वावगे वाटत नाही. उलटीचे फडके वेगळे धुवावे व हात साबणाने स्वच्छ करावेत. घास स्वतः चावून मऊ करून बाळाला भरविण्याची वडीलधाऱ्यांची रीतही सोडून द्यावी. त्यांच्या मायेत उणे नसते, पण लाळेतून जंतू जाऊ शकतो.

बाधितांपैकी बहुसंख्यांना कसलाच त्रास होत नाही व लक्षणे नसलेल्या मुलाला सहसा औषधाची गरज भासत नाही. मात्र मुलाच्या जठरात व्रण आढळल्यास, पोटाची जुनी तक्रार असलेल्या घरातील मोठ्या माणसांनीही श्वासाची किंवा शौचाची तपासणी करून घ्यावी. उपचारात आम्ल कमी करणाऱ्या औषधासोबत निदान दोन प्रतिजैविके साधारणतः चौदा दिवस घ्यावी लागतात. चार दिवसांत बरे वाटले म्हणून ती मध्येच सोडल्यास जंतू शिल्लक राहतात आणि पुढे त्याच औषधांना दाद देईनासे होऊ शकतात.