वजनकाट्याशी कुस्ती धरू नकोस

मु. पो. पाटोदा, जि. बीड

चि. पैलवानास,


तुझ्या खोलीतल्या जोडीदाराचा फोन आला होता. त्याच्यावर रागावू नकोस. दिवसभर तू पाण्यावर राहतोस, रात्री हाताला लागेल ते खातोस आणि मग मोरीचं दार लावून ओकून काढतोस, एवढं त्यानं सांगितलं. चुगली म्हणून नाही, भ्याला म्हणून. फोन केला असता तर 'पित्त झालंय वस्ताद' म्हणून तू मला वाटेला लावलं असतंस. म्हणून हे पत्र.

लेकरा, हा आजार आहे. डॉक्टर त्याला बुलिमिया म्हणतात. 1979 साली लंडनच्या डॉ. जेराल्ड रसेल यांनी त्याचं पहिलं सविस्तर वर्णन लिहिलं. हा पोरींचा आजार, असं तुला कुणी म्हणेल. पोरींमध्ये तो जास्त दिसतो हे खरं, पण पुरुषांनाही होतो. त्यातही कुस्ती, ज्यूदो, मुष्टियुद्ध अशा वजनगटांच्या खेळांतल्या मुलांना त्याचा धोका अधिक. मन घट्ट केलं की सुटेल, असं तुला वाटत असेल. पण पहाटे उठून जोर-बैठका मारणाऱ्या पोराकडे निर्धार काय कमी असतो? घोटाळा तिथंच आहे. निर्धारानं तू खाणं तोडतोस, तोडलेलं खाणं रात्री दामदुपटीनं अंगावर येतं, त्याची लाज वाटते, आणि सकाळी तू आणखी कडक उपास धरतोस. इथं जोर लावशील तितका चक्रात खोल जाशील.

ही भूक तुझ्या चारित्र्यातली खोट नाही, याला पुरावा आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी, 1944-45 मध्ये, अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज नावाच्या शास्त्रज्ञानं 36 धडधाकट तरुणांना त्यांच्या संमतीनं सुमारे सहा महिने अर्धपोटी ठेवलं. शहाणीसुरती माणसं ती. त्यांना दिवसरात्र जेवणाशिवाय दुसरं सुचेना. काही जण पाककृतींची पुस्तकं जमवू लागले, चिडचिडे झाले, एकलकोंडे झाले. काहींचा ताबा सुटून ते नको तितकं खाऊ लागले. पोटभर जेवण पुन्हा सुरू झाल्यावरही कित्येकांची ती हाव महिनोन्महिने गेली नाही. उपाशी शरीर असंच वागतं. तुझंही तेच चाललंय.

आता शरीराचं ऐक. सारखं ओकल्यानं रक्तातलं पोटॅशियम घटतं आणि हृदयाचे ठोके चुकतात. यात माणूस दगावू शकतो, आणि त्याआधी तो हाडकुळा दिसेलच असं नाही. दातांवरचं कवच आम्लानं झिजतं, जबड्याखालच्या गाठी सुजतात, घशातून रक्त येऊ शकतं. चक्कर आली, छातीत धडधडलं किंवा उलटीत रक्त दिसलं, तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठायचा.

'पण वस्ताद, गट सोडला तर संपलो,' हे तुझं म्हणणं मला न ऐकताच कळतं. जत्रेच्या फडात जोड नजरेनं लावतात, मॅटवर ती किलोनं लागते, त्यामुळं काट्याची धास्ती खरी आहे. पॅरिसला 2024 च्या ऑलिंपिकमध्ये कुस्तीगीर विनेश फोगाट अंतिम फेरीत पोहोचली आणि सकाळच्या वजनात 100 ग्रॅम जास्त भरली म्हणून बाद झाली. रात्रभर झटूनही वजन उतरलं नाही आणि शरीरातलं पाणी कमी झाल्यानं तिला दवाखान्यात न्यावं लागलं. 1997 मध्ये तर अमेरिकेत महाविद्यालयांचे तीन पैलवान सुमारे पाच आठवड्यांत वजन उतरवताना मेले. त्यानंतर तिथले नियमच बदलले. आणि आपल्या पाटोद्याचा राहुल आवारे बघ. 2018 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यानं 57 किलो गटात सुवर्ण घेतलं, पुढच्या वर्षी जागतिक स्पर्धेत 61 किलोत कांस्य. वरचा गट म्हणजे हार नव्हे. तुझा गट कोणता, हे तुझी उंची, वाढ आणि डॉक्टर मिळून ठरवतील. भिंतीवरचा वजनगटांचा तक्ता नाही.

आणखी एक गोष्ट तुला आतून खात असणार. तुझे मायबाप दसरा झाला की कोयता घेऊन ऊसतोडीला कारखान्यावर जातात. त्यांच्या उचलीतून तुझ्या बदामाचे, तुपाचे पैसे येतात आणि तोच खुराक मोरीत जातो. ही लाज मी समजू शकतो. पण त्या पैशाचा हिशेब आजारी लेकराकडे कोणी मागत नाही. गुडघ्याचं लिगामेंट तुटलं असतं तर तू लपवलं असतंस का? मायला फोन कर. सगळं सांगता आलं नाही तर एवढंच सांग, 'माय, मी आजारी आहे, वस्तादांना माहीत आहे.' पुढचं मी बोलेन.

डॉक्टरांपुढं मात्र पित्त म्हणू नकोस. सरळ म्हण, 'मला खाण्याचा आजार आहे. ताबा सुटून खातो आणि ओकून काढतो.' पोटॅशियमची आणि हृदयाची तपासणी करून घे. तू आहेस त्या पुण्यात ससून रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. गावी आलास तर बीडचं जिल्हा रुग्णालय आहे, अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे. रात्री जीव घाबरा झाला तर टेलिमानस या सरकारी मदतवाहिनीच्या 14416 या नंबरवर मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत. चारचौघांत कळेल ही भीतीही सोड. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं आपली माहिती गुप्त राहण्याचा हक्क रुग्ण म्हणून तुला दिलेला आहे.

उपचारात कोडं काही नाही. वेळ ठरवून खायचं, तीन-चार तासांपेक्षा जास्त उपाशी राहायचं नाही, आणि रात्री ताबा सुटला तरी सकाळची न्याहारी चुकवायची नाही. सोबत समुपदेशकाशी बोलणं, लागलं तर औषध. भाकरी, वरण, दूध, भात यातलं काहीच शत्रू नाही. एकादशी, नवरात्र बरा होईपर्यंत बंद. देवाला मी सांगतो. आठवडाभर बरं जाईल, मग एखादी रात्र वाईट येईल. त्या रात्रीवरून सगळं पाण्यात गेलं असं ठरवू नकोस. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना सांग आणि ठरल्या वेळी जेव.

तिकडच्या प्रशिक्षकांशी मी बोलतो. डॉक्टर हो म्हणेपर्यंत स्पर्धा नाही, वजनकाटाही नाही. तू कधी ओपीडीत जातोस ते कळव. मी येतो, नंबर लागेपर्यंत बाकावर शेजारी बसतो. पत्र पोहोचलं की आधी जेव, मग फोन कर.

तुझा,
वस्ताद