ख्रिस्तसभेचे नूतनीकरण : पूजनीय फादर आग्नेलो यांची वाट



ख्रिस्तसभेचे नूतनीकरण म्हटले की आपल्याला चर्चला दिलेला नवा रंग, नवे मंडळ किंवा मोठा मेळावा आठवतो. ही कामे चांगलीच आहेत. परंतु रंग उडतो, मंडळ थंडावते, आणि शेजारशेजारची दोन कुटुंबे एकाच मिस्साला येऊनही एकमेकांशी बोलत नाहीत. मग नूतनीकरण सुरू कोठून करायचे? गोव्याचे पूजनीय फादर आग्नेलो डिसोजा यांच्या जीवनात ह्याचे उत्तर सापडते.

त्यांचा जन्म २१ जानेवारी १८६९ रोजी हणजूण येथे झाला. लहानपणीच आईवडिलांचे छत्र हरपले. १८९७ साली ते पिळार येथील संत फ्रान्सिस झेवियर मिशनरी संस्थेत दाखल झाले. १८८७ मध्ये स्थापन झालेली ही संस्था अगदी लहान होती. अशा ठिकाणी आलेला माणूस लगेच कामाचा धडाका लावील, असे आपल्याला वाटते. त्यांनी मात्र सुमारे दहा वर्षे मठात प्रार्थना आणि अभ्यास यांत घालविली.

ही वर्षे वाया गेली काय? अविलाची संत तेरेजा (१५१५–१५८२) हिची शिकवण येथे उपयोगी पडते. तिने १५६२ साली एका लहानशा मठापासून कार्मेल संघाच्या नूतनीकरणास आरंभ केला. आपल्या आत्मचरित्रात ती प्रार्थनेला बागेला पाणी देण्याची उपमा देते. पहिली रीत विहिरीतून हाताने पाणी शेंदण्याची; कष्ट फार, पाणी थोडे. दुसरी रहाटाची. तिसरी ओढ्याचे पाणी पाटाने आणण्याची. चौथी पावसाची, तेथे सारे देवच करतो.

किन्हीराजाच्या शेतकऱ्याला हे समजावून सांगायला नको. पाऊस पाडणे आपल्या हाती नाही, शेंदणे हाती आहे. आणि विहीर कोरडी पडली, प्रार्थनेत मन लागेना, तरी माळ्याने बाग सोडू नये, असे तेरेजा सांगते. कारण बाग प्रभूची आहे. तो पाण्यावाचूनही फुले जगवितो.

फादर आग्नेलो यांच्या प्रार्थनेचा लाभ पुढे अनेकांना झाला. शिरोडा येथे त्यांनी गोरगरिबांची व आजाऱ्यांची सेवा केली. १९१८ पासून ते राशोल सेमिनरीत आध्यात्मिक मार्गदर्शक होते. येशूच्या परमपवित्र हृदयावर त्यांची अपार भक्ती होती. प्रवचन देत असतानाच ते आजारी पडले आणि २० नोव्हेंबर १९२७ रोजी देवाघरी गेले. आपल्या संस्थेला आलेला बहर त्यांनी पाहिला नाही. तिची पुनर्रचना १९३९ साली झाली आणि मग तिचे मिशनरी भारतात दूरदूर पोहोचले. १९८६ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी फादर आग्नेलो यांना 'पूजनीय' घोषित केले.

आपण काय करावे?

१. रोज ठरलेल्या वेळी प्रार्थना करावी. मन लागो वा न लागो, पंधरा मिनिटे प्रभूला द्यावीत.

२. प्रायश्चित्त संस्कार पुढे ढकलू नये. तण वाढू दिले तर पाणी त्यालाच जाते.

३. ज्याच्याशी अबोला आहे, त्याच्या घरी आपण होऊन जावे. तो आधी येईल म्हणून थांबू नये.

फळ आपल्या डोळ्यांदेखत येईलच असे नाही. आपल्या मुलांच्या काळातही येईल. पेरणारा एक आणि कापणारा दुसरा, हे प्रभूने शिष्यांना आधीच सांगून ठेवले आहे (योहान ४).

कुटुंबात चर्चेसाठी : आपल्या घरात प्रार्थना कोणत्या कारणाने बंद पडते? ती पुन्हा सुरू करण्यासाठी ह्या आठवड्यात कोण पुढाकार घेईल?

प्रार्थना : हे प्रभू येशू, तुझ्या ख्रिस्तसभेचे नूतनीकरण कर आणि त्याची सुरुवात माझ्यापासून कर. आमेन.