चकती का डगमगते?

प्रश्न : अल्टिमेट फ्रिस्बी शिकणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांची चकती डगमगत उजवीकडे कलून पडते. उपाय सुचवावा.
— एक क्रीडाशिक्षक, नवापूर

उत्तर : आपल्या तक्रारीचे मूळ बाहुबलाच्या उणिवेत नसून मनगटाच्या शैथिल्यात आहे, कारण १७५ ग्रॅम वजनाची ही चकती हवेत स्थिर राहते ती स्वतःभोवती वेगाने फिरते म्हणूनच. प्रथम बॅकहँड शिकवावा : अंगठा वर, चारही बोटे कडेच्या आत घट्ट मुडपलेली, उजवा खांदा लक्ष्याकडे, मग चकती पोटासमोरून सरळ रेषेत ओढून, हात लक्ष्यावर रोखला जाताच मनगट झटकून सोडावी. सोडताना बाहेरची कड किंचित खाली असावी, म्हणजे उजवीकडे कलणे थांबेल. त्यानंतर फोरहँड : तर्जनी व मधले बोट आतल्या कडेला टेकवून, कोपर कमरेजवळ ठेवून, सारे काम मनगटावर सोपवावे. आरंभी जोडीदारांत दहा पावलांहून अधिक अंतर नसावे, आणि फेक सरळ जाऊ लागल्यावाचून ते वाढवू नये.

आणखी एक गोष्ट पहिल्याच दिवशी सांगावी : जागतिक स्पर्धांतही या खेळात पंच नेमण्याचा शिरस्ता नाही, नियमभंगाचा निवाडा खेळाडूंनीच परस्परांशी बोलून करावयाचा असतो. फेकीच्या कौशल्याइतकाच हा सचोटीचा संस्कारही आपण मुलांना अगत्याने द्यावा.